पैसा कोणाकडून घेणार?

श्रोतेहो, नमस्कार. निवडणूक आली की सोलापूरच्या आपल्या पूर्व भागात गल्लीगल्लीत सभा होतात. काय देणार, हे प्रत्येक पक्ष सांगतो. पैसा कोणाकडून घेणार, हे फारसं कोणी बोलत नाही. आणि पक्षापक्षांतला खरा फरक तर तिथंच आहे.

खर्चाचं बघा. ‘किमान सरकार, कमाल प्रशासन’ ही भाजपची २०१४ सालची घोषणा. पण कुंभारीच्या रे नगरातल्या पंधरा हजार घरांसाठी झगडले मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे आडम मास्तर, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांचं लोकार्पण केलं भाजपच्या पंतप्रधानांनी. कामगारांना हक्काचं घर मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. त्याच वर्षी महायुतीनं लाडक्या बहिणींना महिना १५०० रुपये सुरू केले, तर महाविकास आघाडीनं ३००० चं वचन दिलं. सरकारचा पसारा आवरा म्हणणारा मोठा पक्ष आज दिसत नाही. एकेकाळी राजाजींचा, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींचा, ‘स्वतंत्र पक्ष’ नावाचा पक्ष होता. १९५९ साली तो परमिट राजच्या, म्हणजे उद्योगधंद्यासाठी पावलोपावली सरकारी परवाना लागण्याच्या, विरोधात उभा राहिला होता.

वसुलीकडे वळलं की वाटा वेगळ्या होतात. १९७३-७४ मध्ये, काँग्रेसच्या राज्यात, सर्वांत वरच्या उत्पन्नावर अधिभारासह ९७.७५ टक्के आयकर होता. १९९१ नंतर त्याच पक्षानं खुल्या बाजाराची वाट धरली. भाजप सरकारनं २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द केला आणि २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. यातून गुंतवणूक आणि रोजगार वाढेल, असं त्यांचं म्हणणं. डावे पक्ष म्हणतात, संपत्ती कर परत आणा.

या वादात आपली विडी वळणारी बाई कुठं आहे? ती आयकर भरत नाही, पण तिच्या मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहेच. कारखानदाराच्या रिचार्जवरही तेवढाच. म्हणून सवलत कोणत्या करात दिली, हे तिनं विचारायलाच हवं. आयकर कमी झाला तर तिच्या हातात थेट काहीच पडत नाही. जीएसटी कमी झाला तर पडतं.

मला आपल्याच राज्याचं एक उदाहरण फार मोलाचं वाटतं. १९७२ च्या दुष्काळात आपला जिल्हाही होरपळला होता. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना तेव्हा राज्यभर पसरली, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या मजुराची मजुरी शहरातल्या नोकरदारानं आणि व्यावसायिकानं उचलायची, हे सरकारनं उघड सांगितलं. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. पगाराच्या चिठ्ठीत आजही महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, तो हाच व्यवसाय कर.