छोटी लाइन: ग्वाल्हेरची ओस पडलेली रेल्वे

[दृश्य: जयविलास, जेवणाचं दालन]

ग्वाल्हेरला आलेला पाहुणा शिंद्यांचा जयविलास राजवाडा बघितल्याशिवाय परतत नाही, आणि जयविलासमध्ये गेलेला माणूस चांदीची गाडी बघितल्याशिवाय बाहेर पडत नाही. लांबलचक टेबल, त्यावर मांडलेले रूळ, इवलंसं इंजिन आणि मागं डबे. मेजवानीला बसलेल्या पाहुण्यांपुढून ही गाडी मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन फिरायची. कुणी सुरई उचलली की थांबायची, परत ठेवली की पुढं निघायची.

ही हौस ग्वाल्हेर संस्थानचे तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांची. लष्कर या ग्वाल्हेरच्या भागातल्या जुन्या मराठी घरांत त्यांना अजून माधव महाराजच म्हणतात. याच महाराजांनी खरीखुरी रेल्वेही उभी केली होती. काचेआडची गाडी बघायला गर्दी होते, आणि ती खरी लाइन मात्र याच शहरात ओस पडली आहे. आज आपण तिच्याकडे जाणार आहोत.

[दृश्य: ग्वाल्हेर स्टेशन, छोट्या लाइनचा फलाट]

माधव महाराजांना इंजिनांचं वेड होतं. ते स्वतः इंजिन चालवत. सुरुवात झाली मौजेच्या एका ट्रामवेपासून, पण त्यांनी ती मौजेपुरती ठेवली नाही. 1899 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते ग्वाल्हेर लाइट रेल्वेचं उद्घाटन झालं. एक फाटा भिंडकडे गेला, दुसरा उन्हाळी राजधानी शिवपुरीकडे. तिसरा टप्प्याटप्प्यानं चंबळच्या बाजूनं पश्चिमेकडे सरकत राहिला. 1904 मध्ये तो जौरा आणि सबलगढला पोचला, 1909 मध्ये श्योपूरला.

रुळांमधलं अंतर दोन फूट, म्हणजे 610 मिलिमीटर. मोठ्या लाइनचं असतं 1676. आपण मराठी माणसं ही रुंदी चांगली ओळखतो, कारण माथेरानची गाडी नेमक्या एवढ्याच रुळांवर चालते. पण नेरळ ते माथेरान 21 किलोमीटर, आणि ग्वाल्हेर ते श्योपूर जवळजवळ 200! एवढ्या अरुंद रुळांवर एवढा लांब मार्ग जगात क्वचितच कुठं होता.

भिंड आणि शिवपुरीच्या छोट्या लाइन आधीच गेल्या. श्योपूरची मात्र 2020 पर्यंत धावत होती. सगळं अंतर कापायला तिला दहा तासांहून जास्त लागायचे. डब्यात जागा नसली की लोक टपावर बसायचे. दुधाचे कॅन, धान्याची पोती, कॉलेजची मुलं, माहेरी निघालेल्या बाया, सगळे त्याच डब्यांत. जौरा आणि कैलारसच्या शेतकऱ्याला तालुक्याचा बाजार आणि ग्वाल्हेरचं इस्पितळ तिनंच जवळ आणून दिलं. 1972 मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमोर चंबळच्या दरोडेखोरांनी शस्त्रं खाली ठेवली, ते जौराही याच लाइनवरचं.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि गाडी थांबली. ती परत सुटलीच नाही.

[दृश्य: घोसीपुरा स्टेशन. इथं निवेदन काही क्षण थांबतं.]

हे घोसीपुरा. ग्वाल्हेर सोडल्यावरचं पहिलं स्टेशन. पुढं मोतीझील, मग बानमोर गाव. ही लाइन शहराच्या पोटातून, किल्ल्याला वळसा घालत जायची. घरांच्या ओट्यांना जवळजवळ खेटून. फलाटाची उंची बघा, नाहीच म्हणा ना. गाडीच एवढी बुटकी की जमिनीवरून पाय उचलला की माणूस डब्यात.

श्योपूरकडे आता मोठी लाइन टाकली जाते आहे. सुमावलीच्याही पुढं तिची गाडी धावू लागली. तिकडच्या लोकांना वेगवान गाडी हवीच होती, तो त्यांचा हक्क आहे. पण नवी लाइन शहराच्या या भागातून जात नाही. म्हणजे ग्वाल्हेर ते बानमोर हा तुकडा कुणाच्याच वाटेत आड येत नाही. तो जसा आहे तसा राखता येईल. तिथं वारसा म्हणून एखादी गाडी चालवावी, असा प्रस्ताव पुढं आला होता. तो मार्गी लागावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

दार्जिलिंगच्या गाडीला 1999 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. पुढं निलगिरी आणि कालका-शिमला यांनाही. त्या मानाला त्या पात्रच आहेत. पण तिन्ही डोंगरावरच्या. सपाटीवर, बीहडांच्या म्हणजे चंबळकाठच्या घळींच्या कडेनं, गोरगरिबांना घेऊन शंभराहून अधिक वर्षं धावलेल्या गाडीकडे तेवढ्या प्रेमानं कुणी पाहिलं नाही. थंड हवेचं ठिकाण तिच्या शेवटी नव्हतं, एवढंच तिचं उणं.

[दृश्य: नूराबाद, सांक नदीवरचा पूल]

बानमोरपर्यंत आलात, तर आग्रा रस्त्यानं थोडं पुढं नूराबादला जा. सांक नदीवर मोगलांच्या काळचा दगडी पूल आहे. आणि जवळच गुन्ना बेगमची कबर. ती कवयित्री होती, मोगल वजीर गाजीउद्दीन इमाद-उल-मुल्कची बायको. हा तोच वजीर, ज्यानं 1757 मध्ये रघुनाथरावांच्या मराठी फौजेची मदत घेऊन दिल्ली ताब्यात घेतली. कबरीवर फारसीत एवढंच कोरलंय: ‘आह! गम-ए-गुन्ना बेगम’. गुन्ना बेगमच्या दुःखाचा उसासा. फारसी लिपीत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो; या अक्षरांचे आकडे जोडले की बेरीज येते 1189. ते हिजरी साल तिच्या मृत्यूचं, म्हणजे इसवी सन 1775. मराठ्यांच्या इतिहासाशी इतकी जोडलेली ही जागा, आणि लष्करातल्या कितीतरी मराठी घरांना तिचा पत्ता नाही.

[दृश्य: लाइनवरचे पूल, वेगानं]

पुढची वाट लांब आहे. वाटेत नद्या लागतात: आसन, कुंवारी, मग कुनो. जिच्या काठच्या जंगलात 2022 मध्ये चित्ते आणले, तीच ही नदी.

[दृश्य: परत घोसीपुरा, दिवसाउजेडी]

लष्करात, शिंदे की छावणीत, कुणाच्या घरी छोट्या लाइनची जुनी तिकिटं, वेळापत्रक, लग्नाच्या वऱ्हाडाचे फोटो असतील, तर ते बाहेर काढा. या लाइनवर गार्ड, ड्रायव्हर किंवा गँगमन म्हणून नोकरी केलेले आजोबा-काका तुमच्या ओळखीत असतील, तर त्यांच्याजवळ बसा आणि फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. घोसीपुऱ्याला सकाळी जा, आसपासच्या लोकांशी बोला, घरातल्या मुलांना बरोबर न्या. आणि रुळांजवळचा साधा खिळाही आठवण म्हणून उचलू नका.