जुना गेमिंग संगणक नेमका कुठे थकतो
(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, या टेबलावर जो काळा डबा ठेवलाय, तो मी २०१४च्या गणेश चवथीनंतर जुळवला. आत इंटेलचा कोअर आय५-४४६० हा प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि जीटीएक्स ७५० टीआय हे खेळाचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड. पुढे कार्ड गेलं, रॅम सोळा जीबी झाली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क आली, वीज पुरवणारा सप्लाय बदलला. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि कॅबिनेट मात्र पहिल्या दिवसापासून तेच.

मुलं मला विचारतात, 'सर, गेमिंग पीसी किती वर्षं टिकतो?' पालक विचारतात, 'आणखी किती वर्षं चालवायचा?' माझ्या मते इथे दोन प्रश्न एका गाठीत बांधलेले आहेत. यंत्र थकलंय का, हा एक. खेळ त्याच्याकडे जास्त मागू लागलेत का, हा दुसरा. दोन्हींचं लक्षण सारखंच दिसतं, चित्र अडखळतं. उपाय मात्र अगदी निराळे. एका दुखण्यावर दुसऱ्याचं औषध घेतलं की घरातले हजारो रुपये जातात आणि दुखणं तसंच राहतं.

आधी थकण्याबद्दल. 'जुना झाला म्हणून प्रोसेसर हळू झाला' असं सर्रास म्हटलं जातं. तसं होत नाही. हा प्रोसेसर पहिल्या दिवशी ३.२ गिगाहर्ट्झने चालायचा, आजही तेवढ्यानेच चालतो. एक अपवाद सांगायला हवा. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या सुरक्षेतल्या त्रुटी जाहीर झाल्या, आणि त्या बुजवणाऱ्या अपडेटांनी जुन्या प्रोसेसरांचा थोडा वेग खाल्ला. खेळांत त्याचा फरक मला फारसा जाणवला नाही.

थकतं ते आजूबाजूचं सगळं. प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, यांच्यामध्ये लावलेली पेस्ट सुकते. पंख्याच्या बेअरिंगमधलं वंगण संपतं. सप्लायमधल्या कपॅसिटरांतला, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांतला, द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटत जातो. त्यांच्याबाबत ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं तर आयुष्य जवळपास निम्मं होतं. मदरबोर्डवरचा गोल सेल संपला की लाइट गेल्यावर तारीखवेळ विसरली जाते, आणि माणसाला वाटतं बोर्डच बिघडला.

आपल्या गोव्यात यात दोन गोष्टींची भर पडते, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. पहिली तीन वर्षं हा डबा समुद्राकाठच्या करंजाळ्याच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कॅबिनेटचे स्क्रू तांबूस झाले, मागच्या यूएसबी पोर्टांच्या कडांवर गंज दिसू लागला. धूळ एकटी असेल तर ब्रशने जाते. मीठ असलेली धूळ हवेतलं पाणी ओढून धरते आणि बोर्डवर ओलसर थर होऊन बसते. अशा थरातून थोडी वीज वाहू शकते, आणि तांब्याच्या बारीक रेघा हळूहळू खाल्ल्या जातात. फोंड्याला आल्यावर मीठ कमी झालं, ओल काही कमी झाली नाही.

आपल्याकडे पावसात कपाटात दिवा लावून ठेवायची सवय आहे, कपड्यांना बुरशी लागू नये म्हणून. संगणकालाही तोच न्याय लावा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो रोज अर्धा-पाऊण तास चालू करा, त्याच्या स्वतःच्या उबेनेच आतली ओल उडते. महिनाभर बंद ठेवून, वर चादर घालून जपलेला पीसी चवथीत चालू होत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलंय. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला, की प्लग काढा. नुसता बटणाने बंद करून भागत नाही. इंटरनेटची तार तांब्याची असेल तर तीही काढा.

आता २०१९च्या मे महिन्यातली गोष्ट. पाच-दहा मिनिटं खेळ झाला की चित्र अडखळायचं. कार्ड संपलं असं मी ठरवलं, नव्या कार्डाचे पैसेही बाजूला काढले. सहज तापमान बघितलं तर प्रोसेसर शंभर अंशांना टेकत होता. या पिढीचे प्रोसेसर तिथे पोचले की जळू नयेत म्हणून स्वतःच वेग कमी करतात. कूलर उघडला. चार प्लास्टिकच्या खुंट्यांपैकी एक सुटली होती, पेस्टची खपली झाली होती. नवी पेस्ट लावली, खुंटी नीट बसवली, आणि तोच खेळ सत्तरीच्या आसपासच्या तापमानावर तासन् तास चालला. म्हणून हात जोडून सांगतो, पैसे काढण्याआधी तापमान बघा.

तापमान ठीक आहे, तरी खेळ अडखळतो? मग दुसऱ्या प्रश्नाकडे वळायचं.

खेळ किती मागणार, हे मोठ्या प्रमाणात कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायची खेळाची यंत्रं, ठरवतात, कारण मोठे खेळ पीसीबरोबर कन्सोलसाठीही बनतात. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन नोव्हेंबर २०१३मध्ये आले. त्यांच्या प्रोसेसरात आठ कोअर, म्हणजे काम करणारे आठ भाग होते, पण एकेक कोअर दुबळा. त्यांच्यापुढे माझ्या चार कोअरांना घाम फुटत नव्हता. २०१४चा साधा पीसी इतकी वर्षं तरला याचं मोठं कारण हे आहे. त्या पिढीने उंबरठाच खाली ठेवला होता. २०१६मध्ये मी जीटीएक्स १०६० घेतलं, सहा जीबीचं. ते स्टीम या खेळ विकणाऱ्या सेवेच्या सर्वेक्षणात अनेक वर्षं सर्वांत जास्त वापरलं जाणारं कार्ड होतं.

नोव्हेंबर २०२०मध्ये प्लेस्टेशन ५ आणि नवे एक्सबॉक्स आले. आठ सक्षम कोअर आणि जन्मापासून एसएसडी. पुढची दोन-तीन वर्षं बरेच खेळ दोन्ही पिढ्यांसाठी निघत राहिले, म्हणून धक्का उशिरा बसला. सायबरपंक २०७७ हा खेळ डिसेंबर २०२०मध्ये आला तेव्हा साध्या हार्ड डिस्कवर चालायचा, २०२३च्या मोठ्या अपडेटनंतर किमान गरजेतच एसएसडी आली.

माझ्या चार कोअरांचं वय मला सरासरीच्या आकड्यातून कळलं नाही. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, म्हणजेच प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद. समजा एकोणसाठ फ्रेम वेळेवर आल्या आणि एकीला ऐंशी मिलिसेकंद लागले. सरासरी फारशी हलत नाही, पण हाताला तो हिसका जाणवतोच. गजबजलेल्या शहरात शिरलं, की खेळाचं काम, विंडोजचं काम, मागे चालू असलेला ब्राउझर, सगळी त्याच चार दारांतून जायला धडपडतात. म्हणून फ्रेम टाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा आलेख बघा. सरळ रेघेतून मधूनमधून काटे वर येत असतील, तर नुसता फ्रेमरेटचा आकडा तुम्हाला फसवतोय. मग रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, कमी करून बघा. फ्रेम वाढल्या तर कार्ड दमतंय, वाढल्या नाहीत तर प्रोसेसर. मग सगळे कार्यक्रम बंद करून बघा. एवढं केल्याशिवाय दुकानात जाऊ नका. कार्ड दमत असेल तर एफएसआर वापरा. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारं हे तंत्र एएमडीने २०२१मध्ये आणलं, आणि ते माझ्या जुन्या एनव्हिडिया कार्डावरही चालतं.

काही दारं मात्र कितीही देखभाल केली तरी उघडत नाहीत. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा डिसेंबर २०२४चा खेळ रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याची सोय असलेलं कार्डच मागतो. सेटिंग कमी करूनही १०६०वर तो चालत नाही. विंडोज ११ला साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, माझा चौथ्या पिढीचा. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. एनव्हिडियानेही या कार्डाला नव्या खेळांसाठी ड्रायव्हर देणं थांबवलंय, आता फक्त सुरक्षेपुरते. यंत्र धडधाकट असताना कागदावर त्याला म्हातारं ठरवलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इतकं चांगलं चालणारं लोखंड कचऱ्यात जाणं मला पटत नाही.

म्हणून यावर मी विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घातली. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८मध्ये प्रोटॉन हे सॉफ्टवेअर आणल्यापासून विंडोजचे पुष्कळ खेळ तिथे चालतात. व्हॅलोरंट मात्र चालत नाही, त्याची फसवणूक रोखणारी यंत्रणा लिनक्सवर येतच नाही. तुमच्या घरातली भुरगी, म्हणजे मुलं, तोच खेळत असतील तर हा मार्ग धरू नका.

हा डबा आता माझ्या भाच्याकडे जाणार आहे. तो बारा वर्षांचा आहे. २०१५ ते २०१९मधले खेळ त्याच्यासाठी नवेच आहेत आणि इथे ते उत्तम चालतात. सप्लाय मी गेल्या वर्षीच नवा घातलाय, कारण सप्लाय बिघडला की जाताना सोबत बोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो. भाच्याचं घर वास्कोला, समुद्राजवळ आहे. म्हणून डब्याबरोबर एक ब्रश, पेस्टची एक ट्यूब आणि 'पावसात रोज चालू करणे' असं लिहिलेली चिठ्ठी ठेवलीय. पेस्ट कशी लावायची ते त्याला आज इथेच, तुमच्यासमोर दाखवतो. ये रे, स्क्रू ड्रायव्हर घे.