लस टोचली, तरी शेळी मेली. असं का?

नमस्कार. “मागच्या वेळी लस टोचली आणि आठवड्यात शेळी मेली. आता परत कशाला?”

तुम्ही पशुपालकांना लसीकरण समजावून सांगत असाल, तर हा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारलाच असेल. त्याला गैरसमज म्हणून पुढे जाऊ नका. ज्याच्याकडे चारच शेळ्या आहेत, त्याची एक गेली की पाव संसार गेला. त्याने डोळ्यांनी पाहिलंय ते.

मग झालं काय? बऱ्याचदा रोग आधीच कळपात शिरलेला असतो. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ४ ते ६ दिवस जातात. तोवर शेळी चरते, रवंथ करते, वरून ठणठणीत दिसते. त्यात लस टोचल्यावर अंगात पुरेशी ताकद यायला २-३ आठवडे लागतात. शेजारच्या गोठ्यात साथ आल्यावर धावपळ केली, तर तेवढा वेळ हातात उरत नाही. हे तारखा मांडून सांगा, लगेच पटतं.

दुसरं कारण बाटलीत असतं. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवाव्या लागतात. उन्हात तापलेली लस दिसायला तशीच दिसते, काम मात्र करत नाही. लाळ्या खुरकुताची लस तर गोठली तरी बिघडते. “बाटली बर्फाच्या डब्यातून आणली का?” हे पशुपालकाने बिनधास्त विचारायला हवं, आणि विचारायला आपणच शिकवायचं.

टोचण्याआधीच सांगून टाका: एखाद-दोन दिवस बारीक ताप येईल, गाठ येईल, दूध थोडं कमी होईल. आधी सांगितलं तर माणूस घाबरत नाही. नंतर सांगितलं तर ती सारवासारव वाटते. पीपीआरची एक मात्रा निदान ३ वर्षं पुरते, लाळ्या खुरकुताची साधारण ६ महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते, हेही तेव्हाच बोला.

आणि बैठकीला कोण आलंय ते बघा. शेळ्या-कोंबड्या बहुतेक घरांत बायका सांभाळतात. त्या कामात असताना बैठक ठेवली, तर ऐकणार कोण?

बुळकांडी हा गाई-म्हशींचा जीवघेणा रोग २०११ साली जगातून संपल्याचं जाहीर झालं. तो लसीनेच संपवला. इथिओपियाच्या अफार भागात डॉक्टर पोचत नव्हते. तिथे उष्णतेतही टिकणारी खास लस पशुपालकांतल्याच, त्यांनीच निवडलेल्या माणसांच्या हाती दिली, टोचायला शिकवलं. रोगाची लक्षणं मात्र त्यांना शिकवावी लागली नाहीत. ती त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती.