४९ टक्के की ५१ टक्के

[दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन चाचणी अहवाल]

समजा, एकाच मॉडेलचे दोन एअर फिल्टर दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत चाचणीला गेले. पहिलीनं लिहिलं, ०.३ ते १ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांसाठी कार्यक्षमता ५१ टक्के. दुसरीनं लिहिलं, ४९. फरक दोनाचा. एवढं इकडेतिकडे व्हायचंच, असं कुणीही म्हणेल. पण पहिल्या अहवालाच्या शेवटी वर्ग छापलाय मर्व्ह १३ आणि दुसऱ्याच्या शेवटी मर्व्ह १२. मर्व्ह म्हणजे फिल्टर कण किती अडवतो याची श्रेणी, आकडा मोठा तितका फिल्टर चांगला. ज्या इमारतीच्या निविदेत ‘मर्व्ह १३ पेक्षा कमी चालणार नाही’ अशी अट आहे, तिथे एक फिल्टर आत जाईल आणि त्याचा सख्खा भाऊ दारातूनच परत फिरेल.

यात खोटं कोण बोलतंय? बहुधा कुणीच नाही.

[दृश्य: पत्र्याची लांब चौकोनी डक्ट, मधोमध बसवलेला फिल्टर]

चाचणीचं यंत्र म्हणजे मुळात एक लांबलचक डक्ट. अमेरिकेतल्या ॲशरे या संस्थेचं ५२.२ क्रमांकाचं मानक १९९९ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. मर्व्ह हे वर्ग त्यातलेच. डक्टची रुंदी आणि उंची ६१० मिलिमीटर. आत येणारी हवा आधी हेपा फिल्टरमधून, म्हणजे जवळजवळ सगळे कण अडवणाऱ्या फिल्टरमधून जाते, त्यामुळे तिच्यात स्वतःचे असे कण उरत नाहीत. मग त्या स्वच्छ हवेत मुद्दाम कण सोडायचे. हे कण पोटॅशियम क्लोराइडचे, म्हणजे एका मिठाचे. मिठाचं पाणी बारीक फवारायचं, थेंब हवेतच सुकवायचे, मागे राहतात कोरडे कण.

फिल्टरच्या अलीकडे एक नळी, पलीकडे एक नळी. दोन्हींतून हवेचा नमुना कण मोजणाऱ्या यंत्राकडे जातो. ०.३ ते १० मायक्रॉनपर्यंतचे कण आकाराप्रमाणे १२ गटांत मोजले जातात. अलीकडे किती होते, पलीकडे किती पोहोचले, एवढाच हिशेब. शंभर आले आणि दहा निसटले, तर कार्यक्षमता ९० टक्के.

आठवी-नववीतल्या मुलालाही जमेल असं हे गणित. त्यात जे आकडे घालायचे, त्यांच्यातच सगळी गोम आहे.

[दृश्य: लेझरच्या झोतातून जाणारे कण, पडद्यावर उमटणारे ठिपके]

आधी मोजणाऱ्या यंत्राकडे बघू. पार्टिकल काउंटर कणाचा आकार मोजपट्टीनं मोजत नाही. कण प्रकाशझोतातून जाताना किती प्रकाश विखुरतो, त्यावरून तो आकाराचा अंदाज बांधतो. त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे माप जुळवून घेणं, झालेलं असतं पॉलिस्टायरीनच्या गोल, एकसारख्या मण्यांवर. मिठाचा कण मात्र घनाच्या आकाराचा स्फटिक, आणि प्रकाश वळवण्याची त्याची रीतही निराळी. म्हणजे यंत्र जेव्हा ‘०.३ मायक्रॉन’ म्हणतं, तेव्हा त्याचा खरा अर्थ असतो, ०.३ मायक्रॉनच्या मण्याइतका प्रकाश विखुरणारा कण. दोन कंपन्यांच्या यंत्रांची ही सीमारेषा केसभर जरी सरकलेली असली, तरी काही कण या गटातून त्या गटात जातात. फिल्टरची कार्यक्षमता तर नेमकी ०.३ ते १ मायक्रॉनच्या पट्ट्यात झपाट्यानं बदलत असते. त्यामुळे सीमेवरची ही सरमिसळ थेट निकालात उतरते.

गर्दीचाही प्रश्न आहे. हवेत कण फार दाट झाले, तर दोन कण एकाच क्षणी झोतात येतात आणि यंत्र त्यांना एकच धरतं. ही चूक फिल्टरच्या अलीकडे जास्त होते, कारण गर्दी तिथे असते. अलीकडे प्रत्यक्षात १००० कण आहेत आणि यंत्रानं ९०० मोजले, पलीकडचे १०० मात्र नीट मोजले, असं धरा. खरी कार्यक्षमता ९० टक्के, अहवालात येणार ८९ च्या आसपास. फिल्टर तोच, पण प्रयोगशाळेनं हवेत कण जास्त कोंबले म्हणून त्याचे गुण कापले गेले.

मोठ्या कणांचं दुखणं याच्या बरोबर उलट. ते कमी असतात, जड असतात, नळीच्या वळणावर आपटतात, तळाशी बसतात. ७ ते १० मायक्रॉनच्या गटात अलीकडे ४०० कण सापडले आणि पलीकडे ४०, तर कार्यक्षमता ९० टक्के. पण ४० ही संख्याच डळमळीत आहे. यदृच्छेनं घडणाऱ्या घटना मोजताना संख्येच्या वर्गमुळाइतकी चढउतार गृहीतच धरावी लागते. ४० चं वर्गमूळ सहाच्या थोडं वर. म्हणजे तोच प्रयोग पुन्हा केला आणि ३४ किंवा ४६ कण आले, तरी आश्चर्य नको. कार्यक्षमता झाली साडेअठ्ठ्याऐंशी ते साडेएक्क्याण्णव. यंत्र निर्दोष, माणूस निष्णात, तरीही.

यावर उपाय साधा आहे: जास्त वेळ मोजा. पण प्रयोगशाळेत वेळ म्हणजे पैसा, हे वेगळं सांगायला नको.

[दृश्य: फिल्टर नसलेली रिकामी डक्ट, दोन्ही नळ्यांतून चाललेली मोजणी]

दोन नळ्यांमधला फरक ओळखायची एक सुरेख युक्ती मानकातच दिलेली आहे. फिल्टर न बसवता चाचणी करायची. आदर्श परिस्थितीत दोन्हीकडे सारखेच कण यायला हवेत. येत नाहीत. एका नळीचं वळण जास्त, दुसरीची लांबी जास्त. मग प्रत्येक आकारासाठी ते गुणोत्तर काढून ठेवायचं आणि पुढच्या निकालाला त्यानं भागायचं. या रिकाम्या डक्टच्या चाचणीकडे लक्ष देणारी प्रयोगशाळा आणि ती उरकून टाकणारी प्रयोगशाळा, यांच्या निकालांत फरक पडणारच.

[दृश्य: मिठाचं पाणी फवारणारी नळी, तिच्या पुढे धातूचं नळकांडं]

आता डोळ्यांना न दिसणारी गोष्ट: विद्युतभार. पाणी फवारताना थेंबांवर भार येतो आणि थेंब सुकला तरी तो मिठाच्या कणावर राहतो. भारित कण फिल्टरच्या तंतूंना जास्त सहज चिकटतात. तसेच सोडले, तर फिल्टर आहे त्यापेक्षा चांगला दिसेल. म्हणून कण आधी न्यूट्रलायझरमधून नेतात. काही न्यूट्रलायझरमध्ये किरणोत्सारी पदार्थ असतो आणि तो हवेत दोन्ही प्रकारचे आयन तयार करून कणांवरचा जादा भार उतरवतो. अशा पदार्थांपैकी क्रिप्टॉन-८५ चं अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, सुमारे पावणेअकरा वर्षं, पोलोनियम-२१० चं अवघे १३८ दिवस. पोलोनियमचं नळकांडं वेळेवर बदललं नाही, तर वर्षभरात त्याची ताकद सहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. तक्रार कुणीच करणार नाही, कारण निकाल चांगलेच यायला लागतात.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली पॉलिप्रॉपिलीनचे तंतू]

पण विद्युतभाराचा खरा खेळ कणांपेक्षा फिल्टरमध्ये आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयाचा गाभाच तो.

साधा तंतूंचा फिल्टर कण कसे पकडतो? मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही, सरळ जाऊन तंतूवर आदळतो. अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा फिरतो आणि कुठेतरी चिकटतो. मधले, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे, दोन्हींतून सुटतात. त्यांना पकडायचं तर तंतू दाट हवेत, आणि तंतू दाट केले की हवेला अडथळा वाढतो, पंख्याला वीज जास्त लागते. यातून निघालेली वाट म्हणजे इलेक्ट्रेट: तयार करतानाच कायमचा विद्युतभार दिलेले प्लॅस्टिकचे तंतू. विरळ असूनही ते कण ओढून घेतात.

कायमचा म्हटलं, पण तो तसा कायमचा नसतो. वापरात बारीक धूर, तेलाची वाफ, सूक्ष्म धूळ यांचा थर तंतूंवर चढतो आणि भार झाकला जातो. मग प्रश्न उभा राहतो: चाचणी कुठल्या फिल्टरची करायची? खोक्यातून नुकत्याच काढलेल्या, की काही महिने राबलेल्या?

इथे मानकांनी वेगवेगळे रस्ते धरले. ५२.२ मध्ये फिल्टरला टप्प्याटप्प्यानं धूळ चारतात. ही धूळ ठरलेल्या पाककृतीची: ७२ टक्के बारीक खनिज धूळ, २३ टक्के काजळी, ५ टक्के कापसाचे तंतू. सुरुवातीला आणि प्रत्येक टप्प्यानंतर मिळून सहा वेळा कार्यक्षमता मोजायची आणि प्रत्येक आकारासाठी सहांतली सर्वांत कमी धरायची. पण ही धूळ जाडीभरडी. फिल्टरवर तिचा थर पटकन जमतो आणि तो थरच गाळायला लागतो. प्रत्यक्ष हवेतला सूक्ष्म धूर भार जसा झाकून टाकतो, तसं हिच्यानं होत नाही. म्हणून त्या मानकाला एक ऐच्छिक परिशिष्ट जोडलेलं आहे. त्यात मिठाच्या अतिसूक्ष्म कणांनी फिल्टरला आधी ‘थकवतात’. ऐच्छिक! म्हणजे एका अहवालात थकवलेला फिल्टर आहे आणि दुसऱ्यात ताजा, असं होऊ शकतं, आणि दोन्ही नियमाला धरूनच.

२०१६ च्या आयएसओ १६८९० या आंतरराष्ट्रीय मानकानं दुसरी वाट घेतली. अख्खा फिल्टर २४ तास आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफेत ठेवायचा. भार जवळजवळ निघून जातो. मग पुन्हा मोजायचं आणि आधीच्या व नंतरच्या कार्यक्षमतेची सरासरी काढायची. बारीक कणांसाठी तिथे मिठाऐवजी तेलाचे गोल थेंब वापरतात. त्यामुळे मर्व्ह आणि आयएसओचे आकडे शेजारी ठेवून ‘हा जास्त चांगला’ म्हणणाऱ्या तक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

५२.२ मधल्या त्या सर्वांत कमी आकड्याबद्दल आणखी एक. प्रत्येक मोजणीत थोडी चढउतार असेल आणि सहांतली किमान निवडायची असेल, तर ज्या प्रयोगशाळेची मोजणी जास्त हलते तिची किमानही जास्त खाली जाते. भरलेला फिल्टर ताज्याइतकीच कामगिरी करत असेल, तर हे हमखास दिसतं. चूक कुठेच झालेली नसते, निव्वळ मोजणीतल्या चढउताराची किंमत फिल्टर मोजतो.

हेपाच्या बाबतीत प्रश्नाचं रूपच बदलतं. एच १३ वर्गाला ९९.९५ टक्के लागतात. म्हणजे निसटायची मुभा दोन हजारांत एका कणाला. चौकटीच्या रबरी पट्टीतून एकूण हवेच्या दोन हजाराव्या भागाइतकी जरी गळती झाली, तरी जेमतेम पास होणाऱ्या फिल्टरमधून निसटणारे कण दुप्पट होतात. मर्व्ह ८ च्या फिल्टरला हीच गळती जाणवणारसुद्धा नाही.

[दृश्य: एकाच खोक्यातून निघणारे एकसारखे फिल्टर, त्यांवर लावलेले क्रमांक]

मग प्रयोगशाळांमधला फरक मोजायचा कसा? एकच फिल्टर सगळीकडे फिरवावा, असं सुचेल. पण धूळ चारलेला फिल्टर संपलेला असतो, तो पुढे पाठवता येत नाही. पाठवावी लागतात त्याची भावंडं. आणि भावंडं तंतोतंत सारखी नसतात: कापडाच्या गुंडाळीची कड आणि मध्य यांत फरक असतो, भार कमीजास्त बसतो, घड्या थोड्या सरकतात. निकालात आलेला फरक प्रयोगशाळेचा की भावंडांचा, हे कळेनासं होतं.

म्हणून आंतर-प्रयोगशाळा चाचणीत दोन गोष्टी करता येतात. एक, भार नसलेल्या काचतंतूंचा फिल्टर घ्यायचा, त्याला धूळ न चारता फक्त सुरुवातीची कार्यक्षमता मोजायची आणि तोच नग पुढे धाडायचा. दोन, पूर्ण चाचणीसाठी पाठवायच्या सगळ्या नगांचा हवेला होणारा अडथळा आधी एकाच ठिकाणी मोजायचा आणि वेगळे दिसणारे नग बाजूला काढायचे.

आयएसओ ५७२५ हे मानक या फरकाचे दोन भाग पाडतं. तीच प्रयोगशाळा, तेच यंत्र, तोच माणूस, थोड्याच वेळात पुन्हा केलेली चाचणी: हा एक फरक. प्रयोगशाळा, यंत्र, माणूस सगळं बदलल्यावर येणारा: हा दुसरा, आणि मोठा. दुसऱ्या प्रकारचं प्रमाणित विचलन, म्हणजे निकाल सरासरीभोवती किती पसरतात याचं माप, समजा एक टक्का असेल, तर दोन प्रयोगशाळांच्या निकालांत २.८ टक्क्यांपर्यंतचा फरक १०० पैकी ९५ वेळा अपेक्षितच धरतात. आपल्या ५१ आणि ४९ चं प्रकरण त्याच्या आतच बसतं.

मापन असं पट्ट्यात बोलतं आणि वर्ग मात्र रेषेवर ठरतो. आयएसओ १६८९० मध्ये निकाल ५ च्या पटीत खाली उतरवून लिहितात. ६९ आले तरी ६५, ६५ आले तरी ६५. याची सुद्धा रेषा आहेच, फक्त पायऱ्या लहान आहेत.

या पट्ट्याचा धंदाही करता येतो. तोच फिल्टर चार प्रयोगशाळांत पाठवायचा आणि सर्वांत वरचा अहवाल माहितीपत्रकावर छापायचा. प्रत्येक अहवाल खरा, निवड मात्र खोटी. नमुना उत्पादकानं न निवडता त्रयस्थानं निवडावा आणि तो स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासावा, असा नियम असलेल्या प्रमाणन योजना आहेत त्या यासाठीच.

[दृश्य: अहवालाची आतली पानं, त्यातला १२ ओळींचा तक्ता]

खरेदी करणाऱ्याच्या हाती पडतं ते बहुतेक वेळा अहवालाचं पहिलं पान. मागितला तर पूर्ण अहवालही मिळतो. हवेचा प्रवाह किती ठेवला होता, फिल्टरला थकवलं होतं की नाही, किती नग तपासले, हे त्यात असतं. फिल्टर रेषेच्या किती जवळ उभा आहे, ते मर्व्ह १३ या शब्दावरून कळत नाही. ५१ आला काय नि ७० आला काय, शिक्का एकच. ०.३ ते १ मायक्रॉनचे चार गट तक्त्याच्या पहिल्या चार ओळींत असतात. त्यांची सरासरी काढायला अर्धा मिनिट लागतो.