जाताना ६०, येताना ४०, मग सरासरी ५० का नाही?

[दृश्य : पहाटेचा इंदूर–उज्जैन रस्ता. काटा ६० वर.]

इंदूरहून उज्जैन साधारण ५५ किलोमीटर. भागाकार सोपा जावा म्हणून ५४ धरू. महाकालाच्या दर्शनाला निघालेली गाडी ताशी ६० ने गेली. परतताना गर्दी लागली, वेग ४० वर आला. जाऊन-येऊन सरासरी किती? घरात कुणालाही विचारा, झटकन उत्तर येईल : ५०.

चूक.

[दृश्य : फळ्यावर आकडे उमटतात.]

६० च्या वेगात किलोमीटरला एक मिनिट लागतं, म्हणजे जायला ५४ मिनिटं. ४० मध्ये किलोमीटरला दीड मिनिट, म्हणजे यायला ८१. एकूण १३५ मिनिटं, सव्वादोन तास. अंतर १०८ किलोमीटर. १०८ भागिले सव्वादोन, उत्तर ४८.

अंतर दोन्हीकडचं सारखं होतं, वेळ सारखा नव्हता. गाडी ६० वर दोन वाटे वेळ धावली आणि ४० वर तीन वाटे. दोन वेळा ६०, तीन वेळा ४०, बेरीज २४०, भागिले ५ : पुन्हा ४८. उज्जैनऐवजी देवासला जा नाहीतर महेश्वरला, हे दोन वेग तेच असतील तर ४८च येणार. अंतर हिशेबात कटून जातं.

सूत्र असं : दोन वेगांच्या गुणाकाराची दुप्पट, भागिले त्यांची बेरीज. पुस्तकात याला हरात्मक मध्य म्हणतात. इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या क्लासांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं हे घोकतात, आणि घात तिथेच होतो. प्रश्नात 'अर्धं अंतर' नसून 'अर्धा वेळ' असेल, तर उत्तर सरळ ५० असतं. ५४ किलोमीटरच्या एकेरी वाटेचा पहिला एक तृतीयांश हिस्सा ६० ने आणि उरलेली वाट ४० ने कापली, तर १८ अधिक ५४, अशी ७२ मिनिटं लागतात, सरासरी ४५. इथे पाठ केलेलं सूत्र चालत नाही. एकूण अंतर भागिले एकूण वेळ, ही साधी रीत मात्र कुठेच अडत नाही.

[दृश्य : सांवेरजवळ ठेला, पोह्यांवर सेव पडते.]

पोहे-जलेबीला १५ मिनिटं थांबलात, तर तीही एकूण वेळात धरायची. १३५ ची १५० झाली, सरासरी ४३.२. मोबाइलमधली काही ॲप थांबलेला वेळ वगळून आकडा दाखवतात, म्हणून तो घड्याळाशी जुळत नाही.

[दृश्य : फळा पुन्हा कोरा.]

आता जाताना ताशी ३०. येताना किती वेग ठेवला तर एकूण सरासरी ६० होईल? तोंडी उत्तर ९०. पण ९० ने आलात तरी सरासरी ४५च भरते. १०८ किलोमीटर ६० च्या सरासरीने करायचे तर हाताशी १०८ मिनिटं. ३० च्या वेगात ५४ किलोमीटरला लागतात तेवढीच, १०८. गाडी उज्जैनला पोचली तेव्हा सगळा वेळ संपलेला होता, आणि परतीचा रस्ता अजून पूर्ण बाकी.

[दृश्य : उज्जैनमध्ये उभी गाडी. घड्याळ.]