म्यानमार: रोखलेलं कर्ज रोखलेलंच राहिलं पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार.

१ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली. नोव्हेंबर २०२० मध्ये निवडून आलेल्या संसदेची बैठक नेमकी त्याच दिवशी भरायची होती. निवडणूक जिंकलेल्या नेत्या आंग सान सू ची आणि त्यांचे सहकारी पकडले गेले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच दिवशी झालेल्या आणखी एका अटकेकडे मात्र कमी जणांचं लक्ष गेलं. ती होती देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या उपगव्हर्नरांची. गव्हर्नरच्या खुर्चीवर जुन्या लष्करी काळातला माणूस पुन्हा बसवला गेला. तीन दिवसांनी, ४ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत म्यानमारच्या नावावर असलेले सुमारे एक अब्ज डॉलर हलवण्याचा प्रयत्न झाला. अमेरिकी अधिकाऱ्यांनी तो अडवला.

सत्तेवर येताच सेनापतींनी आधी डॉलरकडे धाव घेतली, कारण विमानांचं इंधन, हेलिकॉप्टरचे सुटे भाग आणि शस्त्रं त्यांच्या क्यात या चलनात मिळत नाहीत. या लष्करी बंडानंतरच्या जेमतेम दोन वर्षांत या लष्कराने किमान एक अब्ज डॉलरची शस्त्रं आणि शस्त्रनिर्मितीचं साहित्य आयात केलं, असं म्यानमारमधल्या मानवी हक्कांवर अहवाल देणारे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये दाखवून दिलं. त्यात रशियाचा वाटा ४० कोटी डॉलरहून अधिक होता. भारतातून गेलेल्या मालाची किंमत ५ कोटी १० लाख डॉलर होती. या लष्कराची विमानं आजही गावांवर, शाळांवर, मठांवर बॉम्ब टाकतात. तीस लाखांहून जास्त माणसं देशातच विस्थापित झाली आहेत.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जपानची विकाससंस्था, आणि भारताची एक्झिम (निर्यात-आयात) बँकसुद्धा, यांच्यापैकी कुणीही या राजवटीच्या हाती विकासाच्या नावाने पैसा देऊ नये. काहींनी तो रोखला आहे. तो रोखलेलाच राहिला पाहिजे. ही मागणी नेमकी कुठे करायची ते कळायला पैसा कोणत्या वाटेने जातो हे पाहावं लागतं.

सगळ्यात धोक्याची वाट एकरकमी कर्जाची. जानेवारी २०२१ मध्ये, बंडाच्या काही दिवस आधी, नाणेनिधीने म्यानमारला कोविडसाठी सुमारे ३५ कोटी डॉलरचं तातडीचं कर्ज दिलं. अशा कर्जाची रक्कम हप्त्याहप्त्याने दिली जात नाही. रक्कम थेट मध्यवर्ती बँकेकडे जाते, आणि एकदा गेली की नंतर रोखायला देणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. पैसा पोहोचला आणि थोड्याच दिवसांत बँकच लष्कराच्या ताब्यात गेली.

प्रकल्पकर्जाची वाट वेगळी, आणि सुदैवाने जरा लांबची. संचालक मंडळाची मंजुरी, करारावर सह्या, करार लागू होणं, आणि मग टप्प्याटप्प्याने पैसे काढण्याचे अर्ज. बहुतेक अर्जांबरोबर खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. म्हणूनच जागतिक बँकेला फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगता आलं की १ तारखेपासून आलेल्या अर्जांवर पैसे सोडणार नाही. आशियाई विकास बँकेनेही सरकारी प्रकल्पांचे हप्ते आणि नवी कंत्राटं त्याच तारखेपासून थांबवली.

पण ही अडवणूक वाटते तितकी घट्ट नाही. आगाऊ दिलेली रक्कम एका खास खात्यात पडून असते, आणि ते खातं कर्जदार देशाच्या व्यवस्थेत असतं. यंत्रसामग्रीच्या आयातीसाठी, पुरवठादाराचे पैसे चुकते होतील म्हणून, विकास बँकेने व्यापारी बँकेला दिलेली खास हमी कर्ज तहकूब झालं तरी मोडता येत नाही. जी कंत्राटं आधीच झाली त्यांची बिलं मागे लागतात. तेव्हा नुसतं ‘हप्ते थांबवले’ एवढ्यावर समाधान मानायचं नाही. खात्यात त्या दिवशी किती शिल्लक होती, तिचा हिशेब आला का, हमीपत्रं किती बाकी होती, हे विचारायला हवं. खासगी कंपन्यांना कर्ज देणारे विभागही तपासायला हवेत, कारण यांगूनमधल्या मोक्याच्या जमिनींचं भाडं अनेकदा लष्कराच्याच खात्यात जातं.

आणखी एक फरक पत्रव्यवहारात नेहमी निसटतो. पैसा रोखून धरणं, कर्ज तहकूब करणं (म्हणजे पैसे काढण्याचा हक्कच थांबवणं) आणि कर्ज रद्द करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रोखलेली रक्कम त्या देशाच्या नावावरच राहते. धोरण बदललं की एका निर्णयाने वाहू लागते. प्रकल्पाची अंतिम मुदत वाढवली की जुनं कर्ज पुन्हा जिवंत होतं. म्हणून मागणी करताना ‘मुदतवाढ देऊ नका’ आणि ‘न उचललेली रक्कम रद्द करा’ ही दोन वाक्यं वेगळी आणि ठळक लिहावीत.

जागतिक बँकेकडे यासाठी एक लिखित धोरण आहे. घटनाबाह्य मार्गाने आलेल्या सरकारशी कसं वागायचं ते त्यात सांगितलेलं आहे. सरकारचा देशावर प्रत्यक्ष ताबा आहे का, जनतेने त्याला स्वीकारलं आहे का, जुनी देणी ते मान्य करतं का, इतर देश आणि संस्था त्याच्याशी कसे वागतात, हे प्रश्न बँकेनेच स्वतःला घालून घेतले आहेत. म्यानमारच्या बाबतीत उत्तरं बघा. जानेवारी २०२४ मध्ये भारताच्या कलादान या नदी-रस्ते वाहतूक प्रकल्पाच्या मार्गावरचं पलेत्वा हे गाव लष्कराविरुद्ध लढणाऱ्या आराकान आर्मी या सशस्त्र गटाच्या हाती गेलं. राखाइन प्रांताचा बहुतांश भाग आज त्यांच्याकडे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारच्या खुर्चीवर अजून तोच राजदूत बसला, ज्याने बंडाचा निषेध केला होता. सू ची यांचा पक्ष मार्च २०२३ मध्ये विसर्जित करण्यात आला. बँकेच्या स्वतःच्या कसोट्यांवर ही राजवट उतरत नाही.

मग आता काळजी कशाची? लष्कराने घडवून आणलेल्या निवडणुकीची. सर्वांत मोठा पक्ष बाद करून, नेत्यांना तुरुंगात ठेवून, देशाच्या मोठ्या भागात मतदान न घेता झालेली निवडणूक दाखवून उद्या कुणी म्हणेल, आता तिथे मुलकी सरकार आहे, हप्ते सुरू करा. लष्करी गणवेश उतरवून तोच माणूस सहीला बसला तर कर्जाच्या कागदावर काहीही बदलत नाही.

दुसरं दडपण २८ मार्च २०२५ च्या भूकंपाचं आहे. ७.७ तीव्रतेच्या त्या धक्क्याने मंडाले आणि सगाइंग उद्ध्वस्त झालं, हजारो माणसं गेली. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार थेट नुकसान सुमारे ११ अब्ज डॉलर होतं. लोकांना मदत हवीच, आणि ती लवकर हवी. पण भूकंपानंतरच्या दिवसांतही लष्कराचे हवाई हल्ले थांबले नव्हते, हे लक्षात ठेवा. पुनर्बांधणीचं कर्ज त्याच मंत्रालयांमार्फत गेलं, तर एका खिशात घातलेल्या पैशाने दुसरा खिसा मोकळा होतो. रस्त्याचा खर्च परदेशी बँकेने उचलला की रस्त्यासाठी ठेवलेले डॉलर इंधनाला वापरता येतात.

विनिमयदराचं गणित तर स्वतंत्रपणे समजून घ्यायला हवं. एप्रिल २०२२ मध्ये मध्यवर्ती बँकेने हुकूम काढला की बाहेरून आलेलं परकी चलन एका कामकाजाच्या दिवसात सरकारी दराने क्यातमध्ये बदललं पाहिजे. दर होता डॉलरला १,८५०. ऑगस्टमध्ये तो २,१०० झाला. मे २०२४ मध्ये खुल्या बाजारात डॉलर ४,५०० क्यातच्या आसपास होता. समजा त्या महिन्यात दहा लाख डॉलरची मदत सरकारी दराने बदलली. संस्थेच्या हाती २१० कोटी क्यात येतात. बाजारात तेच ४५० कोटी झाले असते. मधले २४० कोटी क्यात ते डॉलर घेणाऱ्या व्यवस्थेच्या पदरात पडतात, एकही पावती न फाडता. दूतावास, संयुक्त राष्ट्रं, आंतरराष्ट्रीय संस्था यांना पुढे सूट मिळाली. पण सूट कुणाला द्यायची आणि कधी काढून घ्यायची, हे तीच बँक ठरवते. त्यामुळे कोणत्याही मदतीच्या करारात पैसा कोणत्या बँकेतून, कोणत्या दराने बदलणार, हे कलम आधी वाचावं.

कंत्राटांची गोष्टही तशीच. यांगूनजवळच्या बागो नदीवरचा पूल जपानी विकासकर्जातून बांधला जात होता. जपानने नवं कर्ज थांबवलं, जुनं चालू ठेवलं. त्या कामातल्या जपानी कंत्राटदाराने २०२२ च्या उत्तरार्धात लष्कराच्या मालकीच्या म्यानमार इकॉनॉमिक कॉर्पोरेशनला सुमारे १३ लाख डॉलर दिले, हे ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेने उघड केलं. ही कंपनी अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या निर्बंधांखाली आहे. पैसा सरकारला दिला नव्हता, पुरवठादाराला दिला होता. शेवटी तो लष्कराच्याच तिजोरीत गेला.

आता आपल्या दाराशी येऊ. भारत सरकारच्या वतीने परदेशांना कर्ज देणारी एक्झिम बँक मुंबईत, कफ परेडला आहे. म्यानमारसाठी २०१२ मध्ये ५० कोटी डॉलरच्या कर्जमर्यादेची, म्हणजे त्या रकमेपर्यंत उचलता येणाऱ्या कर्जाची, घोषणा झाली होती. या व्यवहारात बँक पैसे थेट भारतीय निर्यातदाराला देते, माल म्यानमारला जातो. ‘राजवटीला रोकड मिळत नाही’ असा खुलासा त्यामुळे सहज करता येतो. पण यंत्रं, ट्रक, वीजवाहिन्या राजवटीच्या सरकारी विभागांना मिळतात, आणि कर्ज मात्र उद्याच्या निवडून आलेल्या सरकारच्या, म्हणजे तिथल्या जनतेच्या डोक्यावर बसतं.

एक्झिम बँक पूर्णपणे सरकारी मालकीची आहे, म्हणजे माहितीच्या अधिकारात येते. दहा रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस. अर्जात ‘सर्व कागदपत्रे द्या’ असं लिहू नका. तो हमखास नाकारला जातो. प्रत्येक कर्जमर्यादेसाठी वेगवेगळं विचारा: मंजूर रक्कम किती, १ फेब्रुवारी २०२१ नंतर किती आणि कोणत्या तारखांना दिली, माल घेणारा सरकारी विभाग कोणता, मुदत वाढवली का. बँक व्यापारी गुपित किंवा परराष्ट्रसंबंध यांचं कारण पुढे करेल. अशा वेळी कायद्याच्या कलम १० चा आधार घ्या. जे गुप्त आहे ते झाकून उरलेलं द्यावं लागतं. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं केंद्रीय माहिती आयोगाकडे ९० दिवसांत.

आशियाई विकास बँकेत भारताचा वाटा सहा टक्क्यांहून अधिक आहे, जपान, अमेरिका आणि चीननंतरचा. जागतिक बँकेच्या मंडळावरही भारताचा कार्यकारी संचालक बसतो. या खुर्च्यांवरून मत काय द्यायचं ते अर्थमंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग सांगतो. त्यामुळे पत्र तिकडे जावं, आणि त्याची प्रत आपल्या खासदाराकडे. लोकसभेत प्रश्नासाठी किमान १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर होताच खासदाराला गाठा. प्रश्न एका ओळीचा ठेवा: म्यानमारचे हप्ते पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव मंडळापुढे आला तर भारत कोणतं मत देणार?

आणि मदत कुठून जावी, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा. मिझोरामची सीमा ओलांडून, थायलंडच्या मे सॉटहून, गावोगावच्या दवाखान्यांमार्फत आणि नोकऱ्या सोडून बाहेर पडलेल्या डॉक्टर-शिक्षकांमार्फत ती आजही जाते. तिथे औषधांचा, तांदळाचा, पगाराचा खर्च उचलणारे हात कमी पडतात. बँकांनी रद्द केलेली रक्कम अनुदान म्हणून या वाटेला वळवा, ही मागणी त्याच पत्रात, दुसऱ्या परिच्छेदात लिहा.