हद्दीचा दगड आणि देवयानी

माइक मागेपर्यंत पोचतोय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय ‘दूरच्या ताऱ्यांची आणि दीर्घिकांची अंतरं कशी मोजतात’. तो मीच दिलाय, त्यामुळे कुणाला दोष देता येत नाही. पण मी काही खगोलशास्त्रज्ञ नाही, 31 वर्षं पोरांना सर्व्हेइंग शिकवलं, साखळी, टेप, थिओडोलाइट, उन्हात छत्री धरून. आणि माझं एकच म्हणणं आहे, घरी सगळ्यांना पाठ झालंय म्हणून इथे आलोय, की आकाश मोजणारी ही मंडळी मुळात मोजणीदारच आहेत, आणि मोजणीदाराला पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो, तुमची बेसलाइन कुठली? कुठल्या दगडापासून सुरुवात केली?

हे मला पुस्तकातून नाही कळलं. गावाकडे आमची थोडी जमीन आहे, तिची मोजणी आणली होती. मोजणीदार माणूस चोख, टेप ताणून, दोनदा वाचून, आकडे मांडून गेला. नकाशा आला तर आमची विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत! मी स्वतः सर्व्हेइंगचा मास्तर, आणि विहीर गेली. सगळं परत मोजलं, आतलं एक माप चुकलेलं नाही. शेवटी एका म्हाताऱ्याने सांगितलं की तो कोपऱ्यावरचा दगड मागे ट्रॅक्टरने सरकला होता. म्हणजे चूक टेपमध्ये नव्हती, दगडात होती. विहीर परत मिळायला किती हेलपाटे घातले ते सांगत नाही, रात्र पुरायची नाही. हा दगड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अंगठा डोळ्यासमोर धरा, एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा सरकतो की नाही? हसू नका, करा, पहिल्या रांगेतल्यांनीसुद्धा. दोन डोळ्यांमधलं अंतर ही बेसलाइन, अंगठा सरकला तो कोन, यावरून अंगठा किती लांब ते निघतं. ताऱ्यासाठी हेच करायचं, फक्त एक डोळा जानेवारीत उघडायचा आणि दुसरा जुलैमध्ये, कारण तोवर पृथ्वी सूर्याच्या पलीकडे जाते. म्हणजे बेसलाइन झाली पृथ्वी-सूर्य अंतराच्या दुप्पट. पण ते अंतर किती? इथेच गाडी अडली होती. केप्लरच्या नियमांमुळे ग्रहांच्या सूर्यापासूनच्या अंतरांचं प्रमाण माहीत होतं, पृथ्वी 1 तर शुक्र 0.72, सगळा नकाशा तयार, पण नकाशाखाली स्केल छापलेली नाही!

एडमंड हॅलीने 1716 मध्ये उपाय सुचवला. शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पृथ्वीवरच्या लांब लांब ठिकाणांहून बघा, प्रत्येकाला त्याची वाट थोडी वेगळी दिसेल, त्यातून स्केल निघेल. असं अधिक्रमण 1761 आणि 1769 मध्ये होणार होतं, मग थेट 1874. हॅलीचा जन्म 1656 चा, त्याला माहीत होतं आपण काही तोवर नसणार, तरी लिहून ठेवलं. आपल्याकडे लोक पुढच्या वर्षीचं कॅलेंडरसुद्धा डिसेंबरच्या शेवटी आणतात.

आता माझा लाडका माणूस, गियोम ल जांती. इंग्रजी वाचणारे लेजेंटिल म्हणतात, म्हणू देत. हा फ्रेंच ज्योतिर्विद मार्च 1760 मध्ये निघाला, कुठे, तर पाँडिचेरीला. अधिक्रमण 6 जून 1761 ला, म्हणजे सव्वा वर्ष हातात, आरामात. पण इंग्रज आणि फ्रेंच यांचं युद्ध चालू. हा मॉरिशसला अडकला, कसंबसं जहाज मिळालं, मलबारच्या किनाऱ्याजवळ आला तर कळलं की पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली. जहाज मागे वळलं. 6 जून उजाडला तेव्हा हा भर समुद्रात. आकाश स्वच्छ, शुक्र सूर्यावर डोळ्यांदेखत, आणि पायाखाली डेक हलतंय, लंबकाचं घड्याळ लावायची सोय नाही, आपण नेमके कुठे आहोत तेही पक्कं नाही. बघितलं सगळं, मोजलं काहीच नाही.

दुसरा कुणी घरी गेला असता. हा म्हणाला, आठ वर्षांचाच तर प्रश्न आहे! थांबला. मादागास्करचे किनारे मोजले, मग मनिलाला गेला, तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरने याची कागदपत्रं खोटी ठरवली (कागदपत्रांच्या बाबतीत सगळी सरकारं एका गोत्राची), मग 1768 मध्ये परत पाँडिचेरी, जी आता तहात फ्रेंचांना मिळाली होती. पडक्या वाड्यावर वेधशाळा उभारली. मद्रासच्या इंग्रजांनी त्याला चांगली दुर्बीण पाठवली, हो, त्याच इंग्रजांनी. मधल्या काळात तिथल्या तमिळ पंचांगवाल्याकडून कवड्या मांडून ग्रहणाचं गणित करायला शिकला. 1769 चा मे महिनाभर सकाळी लख्ख आकाश. 3 जूनच्या रात्री गव्हर्नरला गुरूचे चंद्र दाखवले. पहाटे दोनला जाग आली. ढग! सूर्य उगवला तो ढगात, शुक्र सरकून गेला तो ढगात, आणि सगळं आटोपल्यावर दिवसभर कडकडीत ऊन. मनिलाला त्या दिवशी आकाश निरभ्र होतं. दोन आठवडे त्याला रोजनिशी लिहवेना.

1771 मध्ये घरी पोचला तर हा मेला असं समजून वारसांनी इस्टेट वाटायला घेतलेली, अकादमीतली खुर्ची दुसऱ्याला दिलेली. मग कोर्टकचेरी. बायकोने दुसरं लग्न केलं असं इंटरनेटवर वाचाल, ते खोटं आहे, त्याचं तोवर लग्नच झालं नव्हतं. परत आल्यावर केलं.

मला त्याचा राग येत नाही, हेवा वाटतो. 6 जून 2012 ला सकाळी मी गच्चीवर काळी काच घेऊन ढगाखाली उभा होतो, आणि पुढचं अधिक्रमण 2117 मध्ये. 1761 आणि 1769 ला इतरांनी घेतलेल्या वेधांमधून सूर्याचं अंतर आलं साधारण 15 कोटी किलोमीटर, आजचा आकडा 14 कोटी 96 लाख. पहिला दगड बसला.

काय? दहा मिनिटं? अहो, आत्ता तर दगड बसलाय. बरं, भरभर सांगतो.

1838 मध्ये बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने हंस तारकासमूहातला 61 नंबरचा तारा मोजला, कोन इतका बारीक की एक रुपयाचं नाणं 14 किलोमीटरवरून बघावं. अंतर आलं सुमारे साडेदहा प्रकाशवर्षं, आजच्या मापाने 11.4. हेच काम 2013 मध्ये सोडलेल्या गाया या यानाने 100 कोटींहून जास्त ताऱ्यांचं केलं, 2025 मध्ये ते बंद झालं. पण दुसऱ्या दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या दुसऱ्या घोळक्यात, हा कोन हाती लागत नाही. तिथे दिवा लागतो. दिव्याची वॅट माहीत असेल तर किती मंद दिसतो यावरून अंतर निघतं, चौपट मंद म्हणजे दुप्पट लांब. ताऱ्यावर वॅट कोण छापणार? हार्वर्डमध्ये तासाला 30 सेंट मजुरीवर फोटोच्या काचा तपासणाऱ्या हेन्रिएटा लेविटने 1912 मध्ये ते शोधलं. छोटा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतले 25 सेफाइड, म्हणजे ठरावीक दिवसांनी उजळणारे-मंदावणारे तारे, सगळे आपल्यापासून जवळपास सारखेच लांब, आणि जो जास्त दिवसांनी उजळतो-मंदावतो तो मुळातच जास्त तेजस्वी. म्हणजे दिवस मोजा, वॅट मिळाली! या बाईंवर खरं तर अख्खं व्याख्यान हवं. 1925 मध्ये नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवायचं म्हणून स्वीडनहून पत्र आलं, त्या 1921 मध्येच गेल्या होत्या.

एडविन हबल या अमेरिकन ज्योतिर्विदाला 1923 मध्ये देवयानी दीर्घिकेत असा तारा सापडला, अंतर काढलं 9 लाख प्रकाशवर्षं. आज म्हणतात 25 लाख. का? दगड! युद्धकाळात लॉस एंजलिसमध्ये ब्लॅकआउट असायचा, अंधाऱ्या आकाशात तिथल्या वेधशाळेतल्या वाल्टर बाडेला दिसलं की ताऱ्यांच्या दोन पिढ्या आहेत, त्यातून पुढे कळलं की सेफाइडही दोन जातींचे आणि आपण एकाची वॅट दुसऱ्याला लावत होतो. 1952 मध्ये रोमला त्याने ते जाहीर केलं आणि दीर्घिकांची अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली. टेप चोख, माझी विहीर शेजाऱ्याकडे.

शिडीची वरची पायरी म्हणजे एका जातीचे सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारे तारे: पांढरे बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांचे गाभे, वजनाच्या चंद्रशेखर मर्यादेजवळ पोचले की फुटतात, त्यांची वॅट सेफाइडवरून ठरवतात आणि अब्जावधी प्रकाशवर्षं मोजतात. आणि आज भांडण असं की या शिडीने विश्वाच्या प्रसरणाचा वेग दर 32.6 लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला 73 किलोमीटर येतो आणि विश्वाच्या बालपणीच्या उजेडावरून काढला तर 67. कुणी म्हणतं भौतिकशास्त्रच नवं हवं. असेल बाबा, पण माझं मत मास्तराचं, आधी कोपऱ्यावरचा दगड बघा.

हो हो, चिठ्ठी मिळाली, उठतोच. बाहेर पडताना उत्तरेला बघा, दोन मुठी उंचीवर ध्रुव दिसेल. तोसुद्धा सेफाइडच आहे, दर चार दिवसांनी किंचित उजळतो आणि मंदावतो, सगळ्या सेफाइडमध्ये आपल्याला सगळ्यात जवळचा, आणि त्याचं अंतर 320 प्रकाशवर्षं की 440 यावर तज्ज्ञ अगदी आत्ताआत्तापर्यंत भांडत होते. अढळपद म्हणे!